नवी आवृत्ती आली, वाचली कुणी?

लिनक्सवर एक कमांड मारली की सॉफ्टवेअर हजर. ते मधे कुणीतरी बांधून ठेवलंय, हे आपल्या गावीही नसतं. मूळ प्रकल्पाला या क्षेत्रात ‘अपस्ट्रीम’ म्हणतात, म्हणजे उगमाकडची बाजू. तिथली नवी आवृत्ती तपासून डेबियन, फेडोरात आणतो तो मेंटेनर. यातले बरेचसे स्वयंसेवकच. डेबियनमध्ये पॅकेजसोबत बहुधा ‘वॉच’ नावाची छोटी फाइल असते. ‘यूस्कॅन’ ती वाचतो आणि उगमाकडे काही नवं आलंय का, ते सांगतो. बातमी यंत्र आणून देतं. वाचायचं काम माणसाचं.

ते किती अवघड आहे, हे 2024 मध्ये दिसलं. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असणारी. तिचा भार एका दमलेल्या माणसावर. ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी दोनेक वर्षं गोडीगुलाबीने मदत करत राहिलं, रिलीज काढायचा अधिकार मिळवला आणि 5.6.0 व 5.6.1 मध्ये चोरदरवाजा बसवला. गंमत म्हणजे तो चालू करणारी स्क्रिप्ट सार्वजनिक रिपॉझिटरीत नव्हतीच, फक्त वाटपाच्या टारबॉलमध्ये होती! ही आवृत्ती डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत आणि फेडोराच्या रॉहाइडपर्यंत पोचलीसुद्धा. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय एवढंच खटकलं, त्याने माग काढला आणि 29 मार्चला भांडं फुटलं.

मग अपडेट घेऊच नयेत? छे! डिसेंबर 2021 मध्ये लॉग-फोर-जेचं भगदाड उघडं पडलं, तेव्हा दुरुस्त केलेली आवृत्ती घ्यायला सगळ्यांचीच पळापळ झाली. आणि आपल्या पातळीवर परस्पर केलेला बदलही महागात पडतो. 2006 मध्ये डेबियनने ओपनएसएसएलच्या कोडमध्ये केलेली काटछाट मूळ प्रकल्पात गेलीच नाही; 2008 मध्ये लक्षात येईपर्यंत तिथे बनलेल्या किल्ल्या सहज ओळखता येतील इतक्या कच्च्या होत्या.

आमचं म्हणणं साधं आहे. गिटहबवरचे हिरवे चौकोन भरायला रीडमीतले स्वल्पविराम हलवण्यापेक्षा एखादं छोटं पॅकेज दत्तक घ्या. डेबियनच्या ‘डब्ल्यूएनपीपी’ यादीत अनाथ पॅकेजेस चक्क नावानिशी दिलेली असतात. सुरुवातीला फक्त जुन्या-नव्या आवृत्तीचा डिफ काढा, टारबॉल रिपॉझिटरीशी ताडून बघा आणि जी ओळ कळली नाही तिच्याबद्दल मूळ लेखकाला विचारा. बहुतेकदा उत्तर येतं, आणि तेही वैतागून नाही.