स्वतःच्या नावाने

आज 25 जानेवारी, राष्ट्रीय मतदार दिवस. रमाबाई रानड्यांचा जन्मही याच तारखेचा. मुंबई इलाख्यातल्या स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून ज्या झटल्या, त्यांत रमाबाई अग्रभागी होत्या. 1919 च्या कायद्याने हा प्रश्न प्रांतिक कौन्सिलांवर सोडला आणि मुंबईने 1921 मध्ये होकार दिला. आपले वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेले. तिथे 1927 उजाडले. तोही हक्क मालमत्ता असलेल्या, कर भरणाऱ्या मोजक्या जणींचा. रोजाने निंदायला जाणारी बाई त्यात कुठेच नव्हती.

बुलढाण्याने आज ताराबाई शिंदे यांनाही आठवायला हवे. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजाचे सभासद. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करून जन्मठेप दिली गेली. तिच्या निमित्ताने वर्तमानपत्रे साऱ्या स्त्रीजातीलाच दूषणे देऊ लागली. ताराबाईंनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून त्यांना गाठले. 500 प्रती, किंमत नऊ आणे. बायकांच्या माथी मारता ते दुर्गुण तुमच्यात नाहीत काय, हा त्यांचा रोकडा सवाल. टीका इतकी झाली की जोतीराव फुल्यांना आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकातून त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. हे पहिलेही लोक विसरले होते. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले.

ताराबाईंनी मताचा हक्क मागितला नव्हता. पण आपल्याविषयीचे नियम आपल्याला न विचारता का ठरतात, ही त्यांची चीड त्या मागणीच्या मुळाशी आहे. आणि हे सारे त्यांनी स्वतःच्या नावाने छापले. सत्तर वर्षांनी, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, देशात सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे मतदार यादीतून गळाली. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ यापलीकडे त्यांनी नावच सांगितले नव्हते.

आज याद्यांत नावे आहेत. पंचायतींत निम्म्या जागा राखीव आहेत. तरी जिजाऊंच्या या जिल्ह्यातल्या बुलढाणा मतदारसंघाने आजवर एकही स्त्री लोकसभेत पाठवलेली नाही. अनेक गावांत पाटीवर सरपंचबाईंचे नाव आणि खुर्चीत त्यांचे यजमान, हे चित्र आहेच, आणि ते संतापजनक आहे.

उद्या 26 जानेवारीला गावोगाव ग्रामसभा आहेत. त्याआधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. मोताळ्यापासून लोणारपर्यंत ती खरोखर भरली, की घरोघर वही फिरवून सह्या आणि अंगठे घेतले, हे प्रत्येक गटविकास अधिकाऱ्याने उद्याच तपासावे. पाणी, दारूचे दुकान, शाळेची वाट यांवर बायकांनी केलेले ठराव उद्याच्या ग्रामसभेत त्यांच्या नावानिशी वाचून दाखवावेत.