प्रीमियम हाही करच आहे

अमेरिकेत ‘मेडिकेअर फॉर ऑल’चा विषय निघाला की विरोधकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पैसा आणणार कुठून? सर्वांचा पैसा एका सार्वजनिक निधीत जमा करायचा आणि प्रत्येकाचे वैद्यकीय बिल त्याच निधीतून भागवायचे, ही ‘सिंगल पेयर’ पद्धत. सिनेटर बर्नी सँडर्स यांनी तिचे विधेयक आणल्यावर २०१८ साली मर्केटस सेंटर या संशोधन संस्थेचे चार्ल्स ब्लाहाउस यांनी हिशेब मांडला की दहा वर्षांत केंद्र सरकारचा खर्च ३२.६ लाख कोटी डॉलरने वाढेल. हा आकडा तेव्हापासून सभांमधून फिरतो आहे. त्याच अहवालातला दुसरा आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही. डॉक्टर-रुग्णालयांना द्यायचे विधेयकात लिहिलेले दर लागू झाले, तर सरकारचा खर्च वाढूनही संपूर्ण देशाचा आरोग्यावरचा खर्च त्याच दहा वर्षांत सुमारे दोन लाख कोटी डॉलरने कमी होतो. इतक्या कमी दरांत रुग्णालये तग धरतील का, अशी शंका ब्लाहाउस घेतात. दर किती असावेत यावर जरूर भांडावे. पण देशाला हे परवडणारच नाही, हा आक्षेप त्यांच्याच आकड्यांपुढे टिकत नाही.

कारण हा पैसा लोक आजही देतच आहेत. २०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक प्रीमियम २५,५७२ डॉलर होता. त्यातले सहा हजारांहून थोडे अधिक कामगाराच्या पगारातून उघडपणे कापले जातात. उरलेले मालक भरतो, म्हणजे पगारवाढ म्हणून जे हातात पडले असते ते परस्पर विमा कंपनीकडे जाते. पगारपत्रकात त्याला कर म्हणत नाहीत, एवढाच फरक. शिवाय कर उत्पन्नाप्रमाणे कमीजास्त होतो; हा प्रीमियम मात्र सफाई कामगाराच्या कुटुंबालाही जवळपास तितकाच, जितका त्याच कंपनीच्या उपाध्यक्षाला. २०१० च्या कायद्याने विमा कंपन्यांना प्रीमियमच्या दर डॉलरमागे ८० ते ८५ सेंट उपचारांवर खर्च करणे बंधनकारक केले. ही सुधारणाच होती. पण उरलेले १५ ते २० सेंट कार्यालये, जाहिराती, दलाली आणि नफा यांत जाऊ शकतात, हे त्याच कायद्याने मान्य केले. शिवाय डझनभर कंपन्यांचे डझनभर नियम सांभाळायला प्रत्येक रुग्णालयाला बिलिंगची जी फौज पोसावी लागते, तिचा खर्च या हिशेबात धरलेलाच नाही.

दुसरा आक्षेप निवडीच्या स्वातंत्र्याचा. हे स्वातंत्र्य आज कोणाकडे आहे? दुसऱ्या महायुद्धात सरकारने वेतनवाढीवर बंधन घातले, तेव्हा कामगार टिकवण्यासाठी मालकांनी विमा देऊ केला आणि आरोग्य नोकरीला बांधले गेले. कंपनी कोणती आणि तिच्या नेटवर्कमध्ये कोणते डॉक्टर, हे अजूनही मालकच ठरवतो. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या एच-१बी व्हिसावरच्या मराठी कुटुंबाला हे समजावून सांगावे लागत नाही. नोकरी गेली की नवी शोधायला साठ दिवस, आणि जुना विमा चालू ठेवायचा तर मालकाच्या वाट्यासकट सगळा प्रीमियम स्वतःच्या खिशातून. मूल आजारी असताना ही वेळ आली तर त्याला निवड म्हणणे क्रूरपणाचे आहे.

रांगांचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कॅनडात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी माणसे महिनोन्महिने वेदना सोसतात. पण याचे खापर एकाच निधीवर फोडता येत नाही. तैवाननेही १ मार्च १९९५ पासून हीच पद्धत स्वीकारली. तिथे बहुतेकांना हव्या त्या डॉक्टरकडे थेट जाता येते, अनेकदा त्याच दिवशी. तिथली तक्रार उलटी आहे: डॉक्टर रुग्णाला फार थोडा वेळ देतात. रांग खाटा, शल्यविशारद आणि परिचारिका किती आहेत यावर ठरते. अमेरिकेत एक रांग अशीही आहे जी प्रतीक्षायादीत दिसत नाही: बिलाच्या धास्तीने डॉक्टरकडे न जाणाऱ्यांची.

आणि डॉक्टर सरकारी नोकर होतील ही भीती? तिची परीक्षा साठ वर्षांपूर्वीच झाली. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात तिथले सरकारप्रमुख टॉमी डग्लस यांनी अशाच योजनेचा पाया घातला. लहानपणी त्यांचा पाय कापण्याची वेळ आली होती. एका शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी म्हणून फुकट शस्त्रक्रिया केली, म्हणून तो वाचला. मुलाचा पाय अशा योगायोगावर अवलंबून नसावा, हे त्यांनी राजकारणात आयुष्यभर मांडले. १ जुलै १९६२ ला त्यांचे उत्तराधिकारी वुड्रो लॉइड यांनी योजना सुरू केली आणि त्याच दिवशी प्रांतातल्या बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलूप लावले. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणले, पण माघार घेतली नाही. तेवीस दिवसांनी सस्काटूनमध्ये तडजोड झाली. दवाखाने डॉक्टरांचेच राहिले, ते सरकारी नोकर झाले नाहीत. बिल मात्र प्रांताच्या निधीकडे जाऊ लागले. चारच वर्षांत केंद्राने देशभरासाठी कायदा केला.

यावर विरोधक व्हर्मॉन्टचे नाव घेतात, आणि घ्यायलाच हवे. २०११ मध्ये या छोट्या राज्याने असाच कायदा केला आणि २०१४ च्या डिसेंबरात गव्हर्नर पीटर शमलिन यांनी तो गुंडाळला. मालकांवर ११.५ टक्के वेतनकर आणि नागरिकांवर ९.५ टक्क्यांपर्यंत जादा प्राप्तिकर त्यांना पेलवेना. पण सस्कॅचवानने तरी एकट्याने कुठे पेलले? १९४७ पासून रुग्णालय विम्याचा भार तो प्रांत वाहत होता. १९५८ मध्ये त्यातला सुमारे अर्धा केंद्राने उचलला, तेव्हा पुढच्या पावलासाठी पैसा मोकळा झाला. व्हर्मॉन्टमागे असे कोणी उभे नव्हते, आणि मोठ्या मालकांच्या योजना १९७४ च्या एरिसा कायद्यामुळे राज्याच्या हाताबाहेरच होत्या. मागणी इथे करायची आहे. जे राज्य तयार असेल त्याचा निम्मा खर्च वॉशिंग्टनने कायद्याने उचलावा, तिथला मेडिकेअर (वृद्धांसाठीची) आणि मेडिकेड (गरिबांसाठीची) या सरकारी योजनांचा पैसा त्याच निधीत जमा होऊ द्यावा आणि एरिसाची आडकाठी काढावी. मग व्हर्मॉन्टला पुन्हा विचारावे.