प्रवेशद्वारापर्यंतची सोबत

वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत तीन तासांत १८० प्रश्न सोडवावयाचे असतात आणि ७२० पैकी जे गुण पदरी पडतील त्यांवर विद्यार्थ्याचे भवितव्य ठरते, हे आता खेडोपाडी ठाऊक झाले आहे. परंतु या परीक्षेच्या आधी आणि नंतर जी दुसरी, अलिखित परीक्षा धारणीच्या अथवा भामरागडच्या आदिवासी मुलाला द्यावी लागते, तिची दखल आपण अद्याप घेतलेली नाही.

डॉक्टरांच्या घरी जन्मलेल्या मुलास केवळ शिकवणीची फी आणि पुस्तके मिळतात असे नाही. कोणता अर्ज केव्हा भरावयाचा, महाविद्यालयांचा पसंतीक्रम कसा लावावयाचा, कोणता दाखला कोणत्या कचेरीतून किती आधी मागावयाचा, हे वाटेचे ज्ञानही त्यास वारशाने लाभते. ज्याच्या घरात दहावीपलीकडे कोणी गेलेले नाही, त्याला ही वाट चाचपडत काढावी लागते. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले विज्ञान अकरावीत एकाएकी इंग्रजीतून समोर येते. त्यातूनही सावरून तो गुण मिळवितो, तोच निकाल आणि महाविद्यालयात हजर होण्याची मुदत यांमधील थोड्या दिवसांत अधिवासाचा व उत्पन्नाचा दाखला, पहिल्या हप्त्याचे पैसे आणि, सर्वांत बिकट म्हणजे, जमातीचे वैधता प्रमाणपत्र त्याला जमवावे लागते. या प्रमाणपत्रासाठी वाडवडिलांच्या १९५० पूर्वीच्या नोंदी पाहिल्या जातात. आणि त्याचे आजोबा-पणजोबा तर बहुधा शाळेची पायरीही चढलेले नसतात. बनावट दाखल्यांच्या बळावर खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावल्या गेल्या, म्हणून पडताळणी अवश्य असावी, हे मला पूर्णतः मान्य आहे. परंतु ज्याच्या रक्षणार्थ पडताळणीचा कायदा झाला, त्यानेच दप्तरदिरंगाईचा दंड भरावा, हा उघड अन्याय होय.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी २०१५ च्या सुमारास 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' या नावाने गरीब व आदिवासी मुलांना विनामूल्य शिकविण्यास आरंभ केला आणि पुढे मेळघाट व भामरागड येथील मुलांपर्यंत ते पोहोचले. शिकविणारा स्वतः नुकताच त्या वाटेने गेलेला असल्यामुळे शिष्य कोठे अडखळेल हे त्यास ठाऊक असते. या उपक्रमाचे मर्म मला मोफत शिकवणीहूनही या सोबतीत अधिक दिसते.

तथापि तरुणांच्या उत्साहावर हवाला ठेवून सरकारने स्वस्थ बसावे, हे योग्य नव्हे. तामिळनाडूने २०२० मध्ये, सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून 'नीट' उत्तीर्ण झालेल्या मुलांसाठी ७.५ टक्के वैद्यकीय जागा कायद्याने राखून ठेवल्या. निवृत्त न्यायमूर्ती पी. कलैयरसन यांच्या आयोगाची शिफारस तर १० टक्क्यांची होती. पहिल्याच वर्षी ३०० हून अधिक मुले या तरतुदीने वैद्यकीय प्रवेशास पात्र झाली, आणि खाजगी महाविद्यालयात जागा मिळूनही काहींना शुल्काअभावी ती सोडावी लागते असे दिसताच, तो भारही त्या सरकारने उचलला. २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. यात गुणवत्तेची हानी होते असे म्हणणाऱ्यांनी, हीच मुले तीच परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेली आहेत, एवढे ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्राने जिल्हा परिषदेच्या शाळांतून आणि आश्रमशाळांतून आलेल्या मुलांसाठी अशीच तरतूद करावी आणि वैधतेचे प्रत्येक प्रकरण बारावीच्या परीक्षेपूर्वी निकाली काढण्याचे बंधन पडताळणी समित्यांवर घालावे. तोवर, वाचकांत जे डॉक्टर असतील त्यांना माझी विनंती आहे की, आपल्या तालुक्यात अकरावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या एका आदिवासी मुलाची अथवा मुलीची गाठ घ्यावी आणि वैधतेचा अर्ज दाखल झाला आहे काय, एवढे आजच विचारावे.