पारशिवनीकरांनो, अंगणातला दिवा सेन्सरवर घ्या

रात्री घराबाहेर पडायची कारणं आपल्याकडे ठरलेली आहेत. गोठ्यात गाय ओरडते, मोटरची लाईन रात्रीच्या पाळीत येते, बाथरूम परसात असतं, कुणी पाहुणा उशिरा पोचतो. त्यासाठी गावात दोनच सोयी दिसतात. एक म्हणजे दारावर रात्रभर जळणारा पांढराफेक फोकस. दुसरी म्हणजे काहीच नाही, मोबाईलचा टॉर्च धरायचा आणि चालायचं. ह्या दोन्ही सोडा. माणूस हलला की लागणारा आणि मिनिटभरात आपोआप विझणारा सेन्सरचा दिवा लावून घ्या, एवढंच सांगायचं आहे. पण तो नीट लावला तरच कामाचा, म्हणून थोडं विस्तारानं लिहितो.

आधी बिलाचं. दुकानदार बचतीचं गाणं गातो, त्यानं फार हुरळू नका. ९ वॉटचा एलईडी बल्ब रोज १२ तास जळला तरी महिन्याला सव्वातीन युनिटच जातात. सेन्सर स्वतःही चोवीस तास थोडी वीज खातो. ५० वॉटचा फोकस रात्रभर चालत असेल तर मात्र महिन्याला १८ युनिट जातात, तिथे फरक जाणवेल. खरा फायदा पायाचा आहे. पावसाळ्यात मण्यार रात्रीच फिरते, आणि तिचा दंश इतका बारीक असतो की कधीकधी कळतही नाही. उंदरांच्या मागे गोठ्याकडे आलेली घोणस कडब्याच्या कडेला पडून असते. हातात बादली असताना टॉर्च कोण धरणार?

इथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. सेन्सरला साप दिसत नाही. साप थंड रक्ताचा, त्याचं अंग जमिनीइतकंच गरम. बाजारात मिळणारा नेहमीचा सेन्सर, म्हणजे ज्याला पीआयआर म्हणतात तो, उष्णता हलताना पकडतो. तो तुम्हाला ओळखतो, दिवा लावतो, आणि साप पाहायचं काम तुमच्या डोळ्यांवर सोडतो. म्हणून दिवा उंबऱ्याबाहेर पहिलं पाऊल पडण्याआधी लागला पाहिजे. सेन्सर गोठ्याच्या दारात लावून उपयोग नाही. घराच्या मागच्या दारापासून सुरुवात करा.

जागा निवडताना आणखी दोन खुब्या. त्याच्याकडे सरळ चालत येणाऱ्या माणसाला हा सेन्सर उशिरा पकडतो, समोरून आडवं जाणाऱ्याला चटकन पकडतो. त्यामुळे तो वाटेच्या टोकाला नको, वाटेच्या बाजूला हवा; जमिनीपासून सात-आठ फुटांवर, तोंड थोडं खाली. समोर चूल, कूलरचा झोत किंवा हलणारी फांदी येऊ देऊ नका, नाहीतर दिवा उगाच लागत-विझत राहील. आणि त्याच बल्बचा उजेड सेन्सरच्या डोळ्यावर पडला तर त्याला दिवस उजाडल्यासारखं वाटतं, मग तो स्वतःच स्वतःला विझवतो.

आपल्या मे महिन्याची गोष्ट मात्र वेगळी. दिवसा ४५ अंशांत तापलेली भिंत रात्री नऊ वाजताही माणसाच्या अंगाइतकी गरम असू शकते. मग सेन्सरला माणूस आणि भिंत यांत फरकच उरत नाही. दहा-बारा पावलांवरून पकडणारा यंत्राचा डोळा तीन-चार पावलांवर येतो. सेन्सर बिघडला म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका. पहिल्या सरीनंतर तो ताळ्यावर येतो. तोवर, आणि रात्री लाईन गेली तर, टॉर्च दाराशी टांगलेला असू द्या. लाईन परत आल्यावरही सेन्सरला सावरायला अर्धा-एक मिनिट लागतं.

सेन्सरवर बहुधा दोन-तीन बारीक फिरक्या असतात. एक किती अंधार पडल्यावर काम सुरू करायचं ते ठरवते. ती चंद्राच्या खुणेकडे फिरवा. दुसरी वेळ ठरवते. परसात मिनिटभर पुरतं. तिसरी असलीच तर पल्ल्याची, ती आधी मध्यावर ठेवून पाहा. शेजारच्या कुत्र्यानं रात्री चार वेळा दिवा लावला तर बिघडलं नाही, पण रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीनं लागत असेल तर तोंड वळवा.

आता वायरिंग. हे मन लावून वाचा, कारण आपल्याकडे गडबड इथेच होते. सेन्सर हा एक प्रकारचा स्विचच, पण त्याला स्वतः जिवंत राहायला फेजबरोबर न्यूट्रलही लागतो. जुन्या घरांत स्विचबोर्डापर्यंत फक्त फेज आणलेला असतो. न्यूट्रल सरळ होल्डरला गेलेला. मग कामाची घाई असलेला माणूस अर्थिंगची तार न्यूट्रल म्हणून जोडून देतो. दिवा लागतो, तुम्ही पैसे देता, तो जातो. पण ती अर्थिंग पुढे कुठे सैल झाली तर फ्रिज, कूलर, पंपाची बॉडी, सगळ्यात करंट उतरू शकतो. असं काम करू देऊ नका. न्यूट्रलची वेगळी तार ओढायला सांगा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. सेन्सरच्या तीन तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून अंदाजानं नाही, डब्यावरच्या नकाशाप्रमाणे जोडायचं.

बाकी मागण्याही स्पष्ट सांगा. तांब्याची वायर. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. ती करंट गळायला लागला की क्षणात लाईन तोडते. पावसाच्या माऱ्यात येणारा दिवा आणि सेन्सर आयपी ६५ चा, आणि वायर त्यात खालून शिरणारी, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी आत जाणार नाही. सेन्सरला समांतर एक साधा स्विचही बसवून घ्या. बाळंतपण, आजारपण, लग्नघर असलं की दिवा सतत चालू ठेवता येतो. हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच, मेन बंद करून. घरातला बारावी झालेला मुलगा व्हिडिओ पाहून करतो म्हणाला तर त्याला शिडी धरायला लावा.

गोठ्यापर्यंत झाडावरून, कुंपणावरून वायर ओढायची सवय सोडा. ओल्या जमिनीत करंट उतरला तर माणसाआधी बैल जातो. त्याचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्यानं त्याच्या अंगातून जास्त करंट वाहतो. गोठ्यात पक्कं वायरिंग नसेल तर सौर सेन्सर दिवा घ्या. त्याला तारच नाही. पॅनेलवरची धूळ अधूनमधून पुसायची, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलायची तयारी ठेवायची.

आता वाघ-बिबट्याचं. कोलितमाऱ्याच्या बाजूच्या लोकांना वाटतं, मोठा फोकस लावला की जनावर येत नाही. त्यावर विसंबू नका. दिवा जनावर पळवेलच याची खात्री नाही. जनावर तुम्हाला दिसावं एवढंच दिव्याचं काम. आणि डोळ्यावर येणारा फोकस तेही होऊ देत नाही, कारण त्याच्या पलीकडचा अंधार आणखी दाट होतो. गुरांना रात्री बंद गोठ्यात ठेवणं, दारालगतची झुडपं तोडणं, हे आधी. दिवा त्यानंतर. रानडुकरांसाठी शेताच्या तारेत घरची लाईन सोडणं हा तर गुन्हाच आहे. त्यात वाघही मरतो आणि रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीही.

उजेड खाली ठेवायला आणखी एक कारण आपल्या दारातच आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातला पहिला डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. आशियातला तो पाचवा. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून उजेड जमिनीकडे वळवला गेला. तिथे रात्री आकाशगंगा दिसते, आणि ती पाहायला लोक लांबून येतात. तेव्हा दिव्यावर टोपी असलेला, पिवळसर उजेडाचा, कमी वॉटचा बल्ब निवडा. परसाला ७ वॉट भरपूर होतात. ग्रामपंचायतींनीही नवे पथदिवे मागवताना हेच पाहावं. शेजाऱ्याच्या खिडकीत आपला उजेड घुसत नाही, हा त्यातला वरचा फायदा.

मृग लागला की वायरमनला फुरसत नसते आणि ओल्या भिंतीवर काम करणं धोक्याचं. म्हणून उन्हाळ्यातच, मेच्या अखेरीपर्यंत, मागच्या दारावरचा एक दिवा तरी सेन्सरवर घ्या. जोडणी झाल्यावर वायरमनला जाऊ देण्याआधी त्याच्याकडूनच आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून घ्या. लाईन तुटली नाही, तर काम पुरं झालेलं नाही.