वाचनासाठी तारे? थोडे थांबू या

गेल्या महिन्यातील पालक-शिक्षक सभेत एक सूचना आली आणि टाळ्यांच्या गजरात तिचे स्वागत झाले. ग्रंथालयातील एक पुस्तक वाचले की विद्यार्थ्याच्या कार्डावर एक चंदेरी तारा, दहा तारे झाले की कंपासपेटी, आणि ज्या वर्गाचे तारे सर्वांत कमी त्या वर्गाचे नाव सोमवारी प्रार्थनेच्या वेळी जाहीर करायचे. विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय येणार आहे. टाळ्या मीही वाजवल्या. घरी परतताना मात्र मन खाऊ लागले, कारण ज्या विषयाचे तास मी पंचवीस वर्षे महाविद्यालयात घेतले, त्यातले कितीतरी धडे याच प्रश्नावर आहेत. म्हणून हा लेखप्रपंच. विद्यार्थी मित्रांनो, हा लेख तुमच्याविषयी आहे, तेव्हा तुम्हीही वाचा. अवघड शब्द दोन-चारच येतील.

आपल्या इंदुरातील सकाळीपासूनच सुरुवात करू. कोपऱ्यावरच्या दुकानातून पोहे-जिलेबीचा वास आला की तोंडाला पाणी सुटते. ते आपण ठरवून आणत नाही. घास अजून पोटात गेलेला नसतो, पण शरीर आधीच तयारीला लागलेले असते. तेवढ्यात कचरागाडीचे गाणे ऐकू येते आणि घरातला कोणीतरी हातातले काम टाकून डबा घेऊन फाटकाकडे धावतो. हे धावणे मात्र आपण करतो. गाणे ऐकून गेलो तर डबा रिकामा होतो. नाही गेलो तर दिवसभर वास सहन करावा लागतो. म्हणून दुसऱ्या दिवशी आपण आणखी चपळाईने उठतो.

मानसशास्त्रात पहिल्या प्रकाराला अभिजात अभिसंधान म्हणतात आणि दुसऱ्याला साधक अभिसंधान. पहिल्यात दोन गोष्टी मनात एकमेकींना चिकटतात, दुसऱ्यात कृती आणि तिचे फळ. बस, इतकेच. यावर जाडजूड ग्रंथ आहेत, पण आपल्या कामापुरती एवढी शिदोरी पुरे.

पहिल्या प्रकाराचा शोध लागला तो जवळजवळ अपघाताने. रशियातील इव्हान पावलोव्ह हे शरीरशास्त्रज्ञ. पचनक्रियेवरील कामासाठी त्यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांच्या लाळेचे मोजमाप करताना त्यांच्या लक्षात आले की अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, नुसते खाणे आणणाऱ्या माणसाला पाहूनसुद्धा कुत्र्यांना लाळ सुटते. मग त्यांनी मुद्दाम मेट्रोनोमची टिकटिक ऐकवून लगेच अन्न द्यायला सुरुवात केली. काही दिवसांनी नुसत्या टिकटिकीने लाळ येऊ लागली. टिकटिकीत चव नसते, पण ती चवीची निरोप्या झाली.

आता निरोप्या जसा चांगल्या बातमीचा असतो तसा वाईटाचाही असतो. 1920 साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी अकरा महिन्यांच्या एका बाळावर प्रयोग केला. बाळाला पांढऱ्या उंदराची भीती वाटत नव्हती, उलट ते त्याला हात लावायला जाई. उंदीर समोर आणला की मागून पोलादी कांबीवर हातोडा मारून मोठा आवाज करायचा, असे काही वेळा केल्यावर ते बाळ उंदीर दिसताच रडू लागले. पुढे सशाला, कुत्र्याला आणि केसाळ कोटालाही बिचकू लागले. प्रयोगात त्रुटी पुष्कळ होत्या, एकाच बाळावरचा प्रयोग तो, आणि आजच्या नियमांत असे कोणाला करूही दिले जाणार नाही. त्या बाळाची भीती घालवण्याचे कामही त्यांनी केले नाही, हे मला नेहमीच सर्वांत जास्त टोचत आले आहे.

परंतु शाळेत वावरलेल्या प्रत्येकाने हा प्रयोग पाहिला आहे. उंदराच्या जागी गणित ठेवा आणि हातोड्याच्या जागी आरडाओरडा. माझेच सांगतो. मी पाचवीत होतो, गाव दुसरे आणि शाळाही दुसरी. अपूर्णांकांची बेरीज फळ्यावर चुकली, गुरुजींनी खडू माझ्या हातातून ओढून घेतला आणि सगळ्या वर्गाला हसायला सांगितले. वर्ग हसला. त्यानंतर कितीतरी वर्षे फळ्यासमोर उभे राहिलो की माझे तळहात ओले होत. पुढे मी स्वतः शिक्षक झालो, फळा हेच माझे कामाचे ठिकाण झाले, तरी पहिली दोन वर्षे खडू घामाने भिजत असे. मला फळ्याची भीती कोणी शिकवली नव्हती. अपूर्णांक शिकवायला घेतले होते, शिकली गेली भीती. मूल एकाच तासाला दोन धडे शिकत असते, आणि दुसरा धडा वेळापत्रकात कुठेच छापलेला नसतो.

ज्या मुलाचे पोट नेमके गणिताच्या चाचणीच्या सकाळीच दुखते, त्याला आपण सोंग करतो म्हणतो. बहुतेक वेळा ते सोंग नसते. पोट खरेच दुखते. पण बघा, पोट दुखले म्हणून आईने घरी ठेवले की भीती तात्काळ ओसरते, आणि हे हायसे वाटणे हेच बक्षीस ठरते. पुढच्या चाचणीला पोट अधिक दुखते. भीती पहिल्या वाटेने आली आणि टिकली दुसऱ्या वाटेने. दोन्ही प्रकार असे हातात हात घालून चालतात.

आपल्या शाळेत मला गणितापेक्षाही जास्त काळजी वाटते ती मराठी वाचनाच्या तासाची. आपली मुले घराबाहेर पडली की हिंदी बोलतात, त्यात गैर काही नाही. त्यामुळे ‘मी येऊन राहिलो आहे’ असे एखादे वाक्य तोंडून निघते. वर्गात खसखस पिकते. सुट्टीत पुण्याहून आलेल्या आत्या-काकाही हसतात, अगदी प्रेमाने हसतात, पण हसतात. मुलाला व्याकरण कळत नाही. त्याला एवढेच कळते की मराठी बोलले की हसे होते. काही दिवसांनी आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. आपण मग म्हणतो, हल्लीच्या मुलांना मराठीची आवड नाही! आवड होती हो. तिच्यामागे आपणच हातोडा वाजवला.

यावर उपायही जुनाच आहे. 1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा. तो निर्धास्तपणे खातो आहे असे पाहून हळूहळू, दिवसादिवसाने ससा जवळ आणायचा. सशाला न घाबरणारी इतर मुलेही त्याच्या सोबत असत. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. यात कोठेही ‘घाबरतोस काय, मुलगा आहेस ना?’ हे वाक्य नाही, हे पालकांनी कृपया लक्षात घ्यावे.

आता ताऱ्यांकडे येतो. साधक अभिसंधानाचे मोठे नाव म्हणजे बी. एफ. स्किनर. त्यांच्या आधी 1898 साली थॉर्नडाइक यांनी पेटीतून सुटण्याची खटपट करणाऱ्या मांजरांवरून दाखवले होते की ज्या कृतीचे फळ समाधान देते ती कृती पुन्हा होते. स्किनरांनी उंदीर आणि कबुतरे घेऊन याचा सखोल अभ्यास केला. बक्षिसांचा पुरस्कर्ता म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, आणि तारे लावणाऱ्यांना वाटते की आपण त्यांच्याच वाटेने चाललो आहोत. पण 1953 साली ते आपल्या चौथीतल्या मुलीच्या गणिताच्या तासाला पालक म्हणून जाऊन बसले, तेव्हा त्यांना काय खटकले? वर्गात बक्षिसे नाहीत हे नाही. मुले गणिते सोडवत होती आणि आपले बरोबर की चूक हे त्यांना लगेच कळत नव्हते. शिवाय ज्यांचे लवकर झाले ती चुळबुळत होती आणि ज्यांना येत नव्हते ती मागे पडत होती, तरी सगळ्यांची गाडी एकाच वेगाने. या अनुभवातून ते शिकवण्याच्या यंत्राकडे वळले.

मला या प्रसंगाचे महत्त्व फार वाटते. उत्तर बरोबर आले हे लगेच कळणे, हेच मुलाचे पहिले बक्षीस. आपल्याकडे निबंधाच्या वह्या तीन आठवड्यांनी परत येतात. तोवर मूल तो निबंध विसरलेले असते आणि लाल शाईचे त्याला काहीच वाटत नाही. यात शिक्षकांना दोष देत नाही. एका वर्गात पंचेचाळीस-पन्नास वह्या असतात हे मला ठाऊक आहे. पण कंपासपेट्यांसाठी ठेवायचा पैसा वह्या तपासायला मदतनीस मिळवण्यासाठी वापरता येईल का, याचा विश्वस्तांनी विचार करावा.

आणि तारे लावल्याने नुकसान काय? 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी अमेरिकेतील एका बालवाडीत हे तपासले. मुळातच चित्रे काढायला आवडणारी मुले निवडली. काहींना आधी सांगितले की चित्र काढले तर सोनेरी शिक्का आणि रिबीन असलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी ते दिले, आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंगीत पेने तशीच समोर ठेवली. ज्यांना बक्षीस कबूल केले होते ती मुले आता इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांना देत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचे काही बिघडले नव्हते. म्हणजे दोष बक्षिसात नव्हता, ‘हे केलेस तर ते देईन’ या सौद्यात होता. जे खेळ होते ते काम झाले.

आपल्या सातवीतील एक मुलगी मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या पायरीवर बसून वाचत असते. तिला तारा देऊन आपण काय साधणार? ती बहुधा बारीक पुस्तके शोधू लागेल, कारण दहा तारे बारीक पुस्तकांनी लवकर होतात. जो मुलगा अजून एकही पुस्तक हातात धरत नाही, त्याला एखाद्या वेळी लहानशा बक्षिसाने उंबरठ्यावर आणता येईल, हे मी नाकारत नाही. पण तो आत आला की बक्षीस मागे घ्यावे लागते, आणि मागे घेण्याची योजना त्या सूचनेत नाही.

प्रार्थनेच्या वेळी कमी ताऱ्यांचा वर्ग जाहीर करणे तर मला सर्वस्वी अमान्य आहे. त्या वर्गातली मुले पुस्तकांशी काय जोडतील, हे वर सांगितलेच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. छडी गेली, चांगले झाले. पण सर्वांसमोर नाव घेणे ही छडीचीच धाकटी बहीण आहे. शिक्षा का सुटत नाही, याचेही उत्तर याच शास्त्रात आहे. शिक्षक ओरडले की वर्ग क्षणात गप्प होतो. ही शांतता म्हणजे शिक्षकाला मिळालेले बक्षीस. वर्ग पाच मिनिटांत पुन्हा गलका करतो, पण ओरडण्याची सवय तोवर पक्की झालेली असते. कोण कोणाला शिकवते आहे, हे सांगणे कठीण!

घरीही हेच चालते. मूल मोबाइल मागते. आई नऊ वेळा नाही म्हणते आणि दहाव्यांदा, पाहुणे बसलेत म्हणून, देऊन टाकते. तिला वाटते आपण नऊ वेळा ठाम राहिलो. मूल शिकले ते असे की दहा वेळा मागावे. दर वेळी मिळणाऱ्या फळापेक्षा कधी मिळेल याचा नेम नसलेले फळ सवय अधिक चिवट करते. जुगाराची यंत्रे यावरच चालतात. आणि ती सवय मोडायला घेतली की हट्ट आधी वाढतो, मग कमी होतो. नेमका वाढतो त्याच दिवशी आपण हार खातो. हे लिहिताना मी स्वतःला वगळलेले नाही. माझ्या नातवाला माझी दहावी वेळ बरोबर माहीत आहे, आणि बहुतेक वेळा ती चौथीच असते.

माणूस म्हणजे काही कबूतर नव्हे, असा आक्षेप येईल, आणि तो योग्यच आहे. मूल कधीही न ऐकलेली वाक्ये बोलते, ती कोणाच्या बक्षिसाने येत नाहीत. चॉम्स्की यांनी 1959 साली स्किनरांच्या भाषाविषयक पुस्तकाचे परीक्षण करताना हाच मुद्दा लावून धरला होता. मुले विचार करतात, न्याय-अन्याय ओळखतात, लाच आणि शाबासकी यांतला फरकही त्यांना कळतो. माझ्या दृष्टीने तारे न लावण्याचे हे आणखी एक कारण आहे.

बैठकीपुढे माझे मागणे एवढेच आहे की सोमवारची घोषणा रद्द करावी आणि तारे एक सत्र थांबवावेत. त्याऐवजी आठवड्यातून एक तास ग्रंथालयाचा ठेवावा, त्यात परीक्षा नाही, सारांश लिहून आणणे नाही, उच्चारावर हसणे नाही. पूर्वी आपल्या ग्रंथालयात बसणाऱ्या बाई लहान मुलांना गोष्ट अर्ध्यावर सांगून पुस्तक मिटून टेबलावर ठेवत आणि कपाट आवरायला उठून जात. परत येईपर्यंत ते पुस्तक टेबलावर नसे. नोंदवहीत नाव कोणाचे लिहायचे, एवढेच त्या विचारत.