सहा वर्षांची चूल

गेल्या दिवाळीनंतर आमच्या अलिबागच्या इमारतीतल्या नऊ जणींनी मिळून एक ठराव केला. घरकामाला येणाऱ्या बाईला दर रविवारी सुट्टी द्यायची, आणि तीही पगार न कापता. कागदावर लिहिलं, सह्या केल्या, भिशीच्या दिवशी चहा-चिवड्याबरोबर वाचूनही दाखवला. अगदी धन्य वाटलं बघा!

ठराव मोडला सातव्या रविवारी, आणि मोडणारी मी. पुण्याहून नणंद सासरच्या चार माणसांना घेऊन यायची होती. शनिवारी मी बाईला हळूच म्हटलं, "उद्या तासभर येऊन जाशील का? कुणाला सांगू नकोस हं." ती आली. पण जिन्यात तळमजल्यावरच्या वहिनींनी तिला पाहिलं, आणि पुढच्या रविवारी त्यांचंही काहीतरी अडलं. महिन्याभरात ठराव उरला तो कागदावर.

बाई खारेपाटातली, रोज मिनीडोअरने येते. मी एकदा ओशाळून विषय काढला, तर वालाच्या शेंगा सोलता सोलता हसून म्हणाली, "वयनी, तुमच्या नऊ घरांचं जमलं न्हाई. आमची तर पंचवीस गावं होती."

ती चरीच्या संपाबद्दल बोलत होती. मी अलिबागची सून, तेव्हा संपाचं नाव माझ्या कानांवरून गेलेलं होतं, पण भाषणातलं नाव भाषणातच राहतं. त्या दिवशी प्रथमच मी तो संप एक बाई म्हणून, घर चालवणारी म्हणून ऐकला.

खारेपाट म्हणजे खाडीचं खारं पाणी मातीच्या बांधांनी अडवून केलेली भातशेती. बांधाला खांड पडली आणि भरतीचं पाणी आत आलं, की पुढची दोन-तीन वर्षं त्या शेतात धड भात होत नाही. असा बांध जपायचा, चिखल तुडवायचा, लावणी करायची ती कुळांनी, आणि पीक खळ्यावर आलं की मोठा वाटा जायचा खोत-सावकारांच्या घरी. घरात उरलेलं भात उन्हाळ्यापर्यंतही पुरायचं नाही. मग खाण्यापुरतं धान्य व्याजाने आणायचं, त्याला खावटी म्हणत, आणि ते पुढच्या पिकातून फेडायचं. वर वेठ होतीच. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने सभा भरली आणि कुळांनी ठरवलं की या अटींवर आपण जमीन कसायची नाही. चरी आणि आसपासची मिळून पंचवीस गावं त्यात उतरली. संप चालला १९३९ सालापर्यंत.

सहा वर्षं! वाचताना आपण पुढे जातो. जरा थांबून घरच्या हिशेबाने पाहा. सहा पावसाळे शेत समोर दिसतंय आणि त्यात पाऊल घालायचं नाही. पुरुषमाणसं डोंगरातून लाकडं तोडून आणायची, बायका मोळ्या डोक्यावर घेऊन अलिबागच्या बाजाराला जायच्या. खाडीत हात घालून मिळेल ती मासळी धरायची. बाईची आजेसासू सांगायची म्हणे, की भाताची पेज करायची तर ती आधी पोरांना, मग पुरुषांना, आणि बायकांनी उकडलेल्या कंदांवर भागवायचं. सहा वर्षांत घरात बारशी होतात, एखादं लग्न निघतं, कुणी म्हातारं जातं. आठ वर्षांची पोर चौदाची होते. यातलं काहीही संपासाठी थांबलं नसणार.

आणि मोह किती जवळ होता! कुणीही रात्री गुपचूप मालकाच्या ओटीवर जावं, अंगठा उठवावा, आणि सकाळी पोरांच्या ताटात भात. "कुणाला सांगू नका" एवढं म्हटलं की झालं. माझंही वाक्य तेच होतं की! माझ्या घरी तर कुणी उपाशी नव्हतं, नुसती भांडी पडली होती.

राष्ट्र कशावर टिकतं हा प्रश्न निघाला, की आपल्याकडे किल्ले आठवतात. आमच्या किनाऱ्यावर त्यांची काय कमी! ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात जावं, समोर खांदेरी दिसते, खाली मुरूडला जंजिरा आहे. मुलांना जरूर दाखवावेत. पण शौर्य हे घटकाभराचंही असू शकतं, आणि घटकाभर आपण सगळ्याच शूर असतो. ठरावावर सही करताना मी काय कमी शूर होते? टिकायला लागतं ते वेगळंच. कुणी पाहत नसताना, मोडलं तर खपून जाईल हे ठाऊक असताना, चारजणांत दिलेला शब्द पाळायचा. बांधावर आपल्या वाट्याची माती आपण टाकली नाही तर पाणी आपल्या एकट्याच्या शेतात शिरत नाही, हे खारेपाटातल्या माणसाला शिकवावं लागत नव्हतं.

याला दुसरी बाजू आहे, ती झाकून ठेवायची नाही. गावाची एकी म्हटली की ती दर वेळी भल्यासाठीच असते असं नाही. याच रायगड जिल्ह्यात गावकीने घरंच्या घरं वाळीत टाकल्याच्या किती तक्रारी आल्या! किराणा बंद, बोलणं बंद, मयताला खांदा नाही. अशा बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला. तीच चिकाटी, तीच एकजूट, पण एका घराला चिरडण्यासाठी वापरलेली. म्हणून नुसत्या एकीचे गोडवे मला गाववत नाहीत. शब्द कुणाच्या बाजूने दिलाय, हेही पाहायला हवं.

आणि शब्द नुसता दिला म्हणून भागत नाही. चरीच्या सभेला अनंतराव चित्रे होते. हेच चित्रे महाडच्या सत्याग्रहातही डॉ. आंबेडकरांबरोबर होते. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. कागद होता, सह्या होत्या. पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी स्वतः जाऊन ते पाणी प्यायलं, आणि पुढे कोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या भिशीतला कागद आठवला आणि खरं सांगते, लाज वाटली.

चरीच्या संपाचं फळ सगळ्यांनाच मिळालं. १९३९ साली मुंबई प्रांतात कूळकायदा झाला, १९४८ साली त्याहून पक्का कायदा आला, आणि १९५७ च्या कृषकदिनापासून कसणारा मालक ठरला. जमीनमालकांतही सारेच गडगंज नव्हते. एखाद्या विधवेचं घरही खंडावर चालत असेल, तिचे हाल झालेच असतील. पण ज्या कुळांनी सहा वर्षं चूल अर्धपोटी ठेवली, त्यांतली किती म्हातारी माणसं कायदा व्हायच्या आधीच गेली असतील!

गेल्या भिशीला मी नऊजणींपुढे कबूल केलं, की पहिली मी मोडलं. तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "अगं, ठाऊक होतं मला." मग पुन्हा सगळ्या बोललो. या वेळी कागद नको असं ठरलं. जिच्या घरी रविवारी पाहुणे, तिच्याकडे बाकीच्यांपैकी दोघींनी अर्धा तास हात लावायला जायचं, एवढंच.

येत्या रविवारी पुन्हा नणंद येतेय. तिला फोनवर सांगून टाकलं, की भांडी आपणच घासायची आहेत. "चालेल," म्हणाली, "पण वालाचं बिरडं कर." म्हणजे वाल शुक्रवारी सकाळीच भिजत घालायला हवेत, रात्री फडक्यात बांधले की शनिवारी संध्याकाळपर्यंत मोड येतील. सोलायला वरच्या मजल्यावरची आणि तळमजल्यावरच्या वहिनी येणार आहेत.