कोठीतले विष आणि दारचा कडुनिंब

समुद्रपूर तालुक्यात तूर घरी आली की वर्षभराच्या साठवणीची चिंता सुरू होते. भुंगा लागू नये म्हणून कोठीत अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवण्याचा मोह होतो. ओलावा लागताच त्या विषारी वायू सोडतात आणि त्या विषावर उतारा नाही. लेकरे झोपतात त्या घरात हे विष कशासाठी?

कडक ऊन, कोरडी कोठी, कडुनिंबाचा वाळलेला पाला, डाळीला एरंडेलाचा हात एवढे आपल्या आजीला पुरत असे. कडुनिंबाच्या बुरशीनाशक गुणावरील परकीय पेटंट युरोपीय पेटंट कार्यालयाने २००० मध्ये रद्द केले; त्यावरील अपीलही २००५ मध्ये फेटाळले गेले. परक्यांच्या हातून सोडवलेला कडुनिंब आपणच कोठीबाहेर ठेवावा काय?